तू बॉल टाकतोस तेव्हा इथे सकाळ असते

बुकित बातोक, सिंगापूर
२६ एप्रिल २००३

सारंग,

आशीर्वाद वगैरे वरती लिहायचे असतात, ते लिहिलेत असं समज. तू फोन मध्येच ठेवलास म्हणून कागद घेऊन बसलो.

सार्सच्या साथीमुळे सगळं शहर नाकतोंड बांधून आहे. ऑफिसात दिवसातून दोनदा ताप मोजतात आणि ताप नसलेल्याच्या शर्टावर ठिपका चिकटवतात. आईची शाळा आत्ता कुठे उघडली. आई, क्षिप्रा आणि मी, आम्ही तिघं ठीक आहोत.

तुझ्या अर्जाबद्दल. एनएसला, म्हणजे सक्तीच्या लष्करी सेवेला, मुदतवाढ मिळावी म्हणून तू फ्लोरिडाहून सही करून पाठवलेला अर्ज, तुझ्या इथल्या जपानी कोचचं, ओगावासानांचं शिफारसपत्र, तिथल्या कॉलेजच्या कोचचं पत्र, सगळं मला मिळालं होतं. त्याचं उत्तर आलं. नामंजूर. पोहणारा किंवा फुटबॉलवाला असतास तर गोष्ट वेगळी. बेसबॉल इथे खेळतो कोण? चार जपानी आणि चार अमेरिकन. तू उत्तराची प्रत मागतो आहेस. मूळ पत्र इथे राहायला हवं, आणि प्रत घेऊन करणार काय? अपिलाची मुदतही गेली.

नऊ जूनला तुला कॅम्पवर हजर व्हायचं आहे. तुझ्या एक्झिट परमिटवर मुलगा मुदतीत परत येईल असं मी लिहून दिलंय, माझ्या सहीने. आपण चौघांनी लाल पासपोर्ट घेतले तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास आणि सगळ्यांत जास्त तूच नाचला होतास. नागरिक झालो तर लष्करातली दोन वर्षंही आलीच. ती काढ, मग इंजिनिअरिंगला जा.

'बाबा, हात वाट बघत थांबत नाही,' म्हणालास. अठरा वर्षांच्या मुलाचा हात दोन वर्षांत कुठे जातो?

ये.

बाबा


बुकित बातोक
३ जुलै २००४

सारंग,

क्षिप्राकडून कळलं की एका क्लबने तुझ्याशी करार केला. म्हणजे आता तू पगारी पिचर, बॉल टाकायचे पैसे घेणारा. तिच्याकडे तुझ्या ईमेल येतात, आईला तू फोन करतोस, माझ्यापर्यंत बातमी पोचते ती जेवणाच्या टेबलावर, आमटी वाढता वाढता.

गेल्या वर्षी जूनमध्ये तू आला नाहीस, त्यानंतर लष्कराची दोन माणसं घरी येऊन गेली. सभ्य होती. बूट बाहेर काढून आत आली. तुझा फोटो मागितला. आईने त्यांना चहा विचारला, ते नको म्हणाले, तरी तिने केला. जाताना त्यातला एकजण म्हणाला, 'अंकल, तो येईल तेव्हा विमानतळावरच कळेल आम्हाला.' मी 'थँक यू' म्हटलं. कशाबद्दल, ते मलाच कळलं नाही.

त्या दिवशी मी आईला सांगितलं की जोवर हा मुलगा परत येऊन उभा राहत नाही, तोवर मी त्याच्याशी बोलणार नाही. ती म्हणाली, 'आणि तो उभा राहिला की तरी बोलणार आहात का?'

पत्र लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, असं मी ठरवलंय.

तुझी लीग ही सगळ्यांत खालची पायरी, असं वाचलं. वर पाच-सहा पायऱ्या आहेत म्हणे. बसमधून रात्र रात्र प्रवास, एका खोलीत चौघं. हे खरं आहे का?

बाबा


पाया लेबार
१२ ऑगस्ट २००५

सारंग,

ऑफिसातून लिहितोय. तुझ्या मॅचचा आकडा इंटरनेटवर येतो हे मला दोन महिन्यांपूर्वी कळलं, आणि तेव्हापासून माझा दिवस त्याने सुरू होतो. आयोवात संध्याकाळी सातला तू पहिला बॉल टाकतोस तेव्हा इथे सकाळचे आठ झालेले असतात आणि मी जुरोंग ईस्टला गाडी बदलत असतो. नऊला कॉम्प्युटर सुरू केला की तू चौथ्या किंवा पाचव्या इनिंगमध्ये असतोस. पान आपोआप बदलत नाही, दर वेळी बटण दाबावं लागतं. विम्याचे दावे तपासायचे, एक कागद बाजूला ठेवायचा, बटण दाबायचं.

काल तू सहा इनिंग टाकल्यास, नऊ जणांना बाद केलंस आणि एकच धाव दिलीस. मी उठून पाणी प्यायलो. सांगणार कोणाला? शेजारच्या टेबलावर मनोहर बसतो, नागपूरचा. त्याने विचारलं, 'निशिकांत, मुलगा काय करतो रे तुझा?' मी म्हटलं, 'अमेरिकेत शिकतो.' तो म्हणाला, 'वा!' आणि आपल्या मुलाच्या मार्कांवर आला.

बोलायचं राहून गेलेलं एक सांगतो. ब्लॉकमागच्या मैदानात मी तुझ्यासमोर बसायचो ते तुला आठवत असेल. पुण्यात कंपनीच्या टीमचा मी विकेटकीपर होतो, त्यामुळे वाकून बसायची सवय होती. तू तेरा वर्षांचा असताना बॉल येताना दिसायचा. सोळाव्या वर्षी तो ग्लव्हजमध्ये आदळल्यावर कळायचं की आला. रविवारी रात्री मला सुजलेल्या बोटांनी घास घेता येत नसे, म्हणून मी चमच्याने जेवायचो, आणि आईला सांगायचो की सांधे दुखतात. तू सोडून द्यावंस म्हणून मी ते लपवलं नाही. तू बॉल हळू टाकू नयेस म्हणून लपवलं.

आणि तरीही.

पुढचं पुन्हा केव्हातरी.

बाबा


बुकित बातोक
२८ सप्टेंबर २००६

सारंग,

सीझन संपला. ताशी त्र्याण्णव मैल, असं कुठल्याशा बातमीत तुझ्या नावापुढे होतं. ते मी प्रिंट काढून ड्रॉवरमध्ये ठेवलंय.

मागचं पत्र 'पत्ता बदलला' असा शिक्का बसून परत आलं. क्षिप्राने नवा पत्ता दिला, तिकडे पाठवतोय. तू माझी पत्रं फाडतोस की ठेवतोस हे मला माहीत नाही. फाडत असशील तर निदान वाचून फाड.

क्षिप्राचं लग्न छान झालं. अंकुर शांत मुलगा आहे. सेम्बावांगला फ्लॅट घेतला त्यांनी. फोटोत भावाची जागा रिकामी नको म्हणून तिने चुलतभावाला उभं केलं, मग तो फोटो लावलाच नाही.

बाबा


बुकित बातोक
२ जून २००७

सारंग,

आईचं विमान आज सकाळी गेलं. हे पत्र तुला मिळेल तेव्हा ती तिथे तुझ्या खोलीत डाळ शिजवत असेल.

तुझ्या कोपराचं काय झालं ते मी वाचून घेतलं. आतला दोर तुटला, तेव्हा मनगटातली एक नस काढून तिथे ओवली. चौदा महिने तरी लागतात म्हणे, आणि सगळेच पूर्वीसारखे होत नाहीत. डबल-ए म्हणजे वरून तिसरी पायरी. तिथपर्यंत गेला होतास.

त्या मॅचचं पान मी पाहत होतो. तिसऱ्या इनिंगमध्ये तुझ्या नावाखाली दुसऱ्याच पिचरचं नाव आलं. धावा गेलेल्या नव्हत्या. बटण दाबत राहिलो. मनोहर म्हणाला, 'अरे, घाम का फुटलाय तुला, एसी तर चालू आहे.' तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. मुलगा शिकत नाही, पिचर आहे, इथे पाऊल ठेवलं तर त्याला पकडतील, आणि आत्ता त्याला काय झालंय हे मला कळत नाहीये. त्याने समोरची फाइल मिटली. मग त्याने खाली जाऊन माझ्यासाठी कॉफी आणली.

आई म्हणाली, 'चला ना तुम्हीही.' मी रजा नाही म्हटलं. रजा बावन्न दिवस शिल्लक आहे.

डाव्या हाताने शर्टाची बटणं लागत नसतील. आईला लावू दे. लाजू नकोस.

बाबा


बुकित बातोक
१६ सप्टेंबर २००७

सारंग,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा त्यात मीच बरा माणूस निघालो. हे पाचवं.

आई परवा परत आली. बॅगा उघडायच्या आधी तिने विचारलं, 'त्याच्या अर्जाचं नामंजुरीचं पत्र कुठे आहे?' तू तिला सांगितलंस की तू तीन वेळा प्रत मागितलीस, ती हाती असती तर वकिलाकडून अपील केलं असतंस, इतकं सगळं झालंच नसतं. मी म्हटलं, 'असेल कपाटात. इतक्या वर्षांचे कागद.' तिने कपाट उघडलं. मी बघत उभा राहिलो. थांबवलं नाही. विम्याच्या फायलींखाली तिला तपकिरी पाकीट सापडलं, पत्ता टाकलेलं, तिकीट लावलेलं. आत तुझा अर्ज, ओगावासानांचं पत्र, कोचचं पत्र. जसंच्या तसं.

मी तो अर्ज पाठवलाच नव्हता, सारंग.

ते नामंजूर करतील याची मला खात्री होती, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. ते कदाचित मंजूर करतील याची मला भीती वाटली. ओगावासानांचं पत्र मी उघडून वाचलं होतं. त्यांनी लिहिलं होतं की तीस वर्षांत असा हात मी पाहिला नाही, याला दोन वर्षं द्या, हा परत येईल आणि तुमच्या देशाचं नाव घेऊन येईल. त्या माणसाचं इंग्रजी तुला माहीत आहे, दोन वाक्यांपुढे जात नसे. ते पानभर पत्र त्याने किती दिवस लिहिलं असेल! ते वाचून मला वाटलं की हे वाचणारा कोणीही होय म्हणेल. मग तू तिकडेच राहशील. एकदा हरलास, थकलास तरी तिकडेच कुठेतरी. आणि मी मैदानात कोणासमोर बसू?

नामंजूर झाल्याचं ऐकलंस की निमूट येशील, असं वाटलं. नामंजुरीची पत्रं लिहिणं हे माझं रोजचं काम आहे, खोटं कसं बोलायचं ते शोधावं लागलं नाही. तू आला नाहीस तेव्हा मला राग आला, आणि तो राग मी चार वर्षं खरा मानला. तू पळून गेलास असं मी लोकांना सांगितलं. दोन माणसं घरी आली तेव्हाही पाकीट कपाटातच होतं. तेव्हा तरी बोलायला हवं होतं.

अर्ज कदाचित नामंजूर झालाही असता. पण ते त्यांच्या तोंडून ऐकायचा हक्क तुझा होता. तो मी घेतला.

आईने सगळं वाचलं. पाकीट टेबलावर ठेवलं आणि आंघोळीला गेली. नळ पाऊण तास चालू होता.

तुला हे तिच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून उद्या सकाळी पोस्ट उघडताच टाकतो. या वेळी नक्की टाकतो.

निशिकांत
(बाबा लिहायला हात धजत नाही.)


बुकित बातोक
११ मे २००८

सारंग,

तुझं उत्तर जानेवारीत मिळालं. 'तुमचं पत्र पोचलं.' बाकी कोरं. आपल्या घरात तू मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतंस. आई मला 'अहो' म्हणायची, तू 'ए बाबा' म्हणायचास आणि आजी तुला रागवायची. बरोबर लिहिलंस. मी तक्रार करत नाही.

आई फेब्रुवारीपासून सेम्बावांगला आहे. क्षिप्राला मुलगी झाली, गार्गी, तर मदतीला गेली. हे असंच सगळ्यांना सांगतो. मुलगी आता तीन महिन्यांची होईल, आईच्या साड्यांचं कपाट रिकामं आहे, आणि तिची तंबोऱ्याची पेटीही अंकुर येऊन घेऊन गेला. मेट्रोच्या एकाच लाल लाइनवर आम्ही राहतो, मध्ये गाडी बदलावी लागत नाही. महिन्यातून एका रविवारी जातो. ती जेवायला वाढते, 'अजून घ्या' म्हणते. नात मांडीवर देते. बाकी विषय निघत नाही. मग मी सहाच्या गाडीने परत येतो.

संध्याकाळी खालच्या हॉकर सेंटरमध्ये जेवतो. तिथला चहावाला म्हातारा आधी दोन कप बांधून द्यायचा, एक मला, एक वर आईला. मार्चमध्ये त्याने विचारलं, 'वन ओन्ली, आह?' मी हो म्हटलं. आता विचारत नाही.

घरी आलो की टीव्ही लावतो, आवाज बंद ठेवून. कोणी बोलत असल्यासारखं वाटतं, आणि उत्तर द्यावं लागत नाही.

तू पुन्हा बॉल टाकायला लागलास असं क्षिप्रा म्हणाली. अंतर थोडं, जोर थोडा. बास झालं की थांबत जा.

सही म्हणून नाव कोणतं लिहायचं ते कळत नाही, म्हणून खाली काहीच लिहीत नाही.


बुकित बातोक
१९ जून २००९

सारंग,

पेनसिल्व्हेनियातल्या त्या टीमचं पान मी अजून पाहतो. मोठ्या क्लबने गेल्या शरदात तुला सोडलं, आणि ही टीम कोणाच्याच मालकीच्या साखळीत नाही. गेल्या सहा मॅचमध्ये तुझे बॉल ताशी पंच्याऐंशीच्या वर गेले नाहीत. मंगळवारी एका इनिंगमध्ये पाच धावा गेल्या. काल यादीत तुझं नाव नव्हतं. कुठे दुसऱ्या यादीत असेल म्हणून सगळी पानं उघडून पाहिली.

मनोहर म्हणाला, 'चोवीस वर्षांचा आहे, आयुष्य पडलंय.' चोविसाव्या वर्षी संपणाऱ्या धंद्यात आयुष्य कुठे पडलेलं असतं, ते त्याला माहीत नाही. मलाही नाही.

रात्री क्षिप्राचा फोन आला. 'बाबा, दादा परत येतोय. जुलैमध्ये. त्याने स्वतःच वकील घेतलीय. ते एअरपोर्टवरूनच नेतील त्याला, त्याला ठाऊक आहे.' मी विचारलं, मी येऊ का विमानतळावर? ती म्हणाली, 'नको, बाबा. प्लीज. त्यानेच सांगितलंय, फक्त आई.'

बरं म्हटलं.

तू कशासाठी येतोयस? अमेरिका काय, भारत काय, कुठेही गेला असतास. पासपोर्टची मुदत संपत आली हे मला माहीत आहे. पण पासपोर्टसाठी कोणी तुरुंगात जात नाही.

बाबा


बुकित बातोक
२५ ऑक्टोबर २००९

सारंग,

हे पत्र तुझ्याआधी तिथला कोणीतरी उघडेल, आणि मराठी बघून त्याची पंचाईत होईल. साहेब, यात काही नाही. बाप मुलाला लिहितोय.

सहा वर्षांत पहिल्यांदाच माझं पत्र समुद्र ओलांडणार नाही. तू चांगीच्या तुरुंगात आहेस, इथून पाऊण तासावर, आणि आजच्याइतका लांब तू कधी वाटला नव्हतास.

गुरुवारचं कोर्टातलं माझ्या बाजूने सांगतो. तुझ्या वकील, नीताबाई, त्यांना मी आधीच जाऊन भेटलो होतो. अर्ज मी दाबून ठेवला, मुलाला खोटं सांगितलं, असं सगळं टाइप करून सही करून दिलं, सोबत ते पाकीट. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, 'अंकल, हे कोर्टात ठेवलं तर शिक्षा नक्की कमी होईल. पण सारंगने नको म्हटलंय.' मी विचारलं, का? त्या म्हणाल्या, 'मी विचारलं. तो म्हणाला, माझं मी बघतो.'

म्हणून मी कोर्टात मागच्या बाकावर बसलो. आई आणि क्षिप्रा पुढे. तुला आणलं तेव्हा मी तुला ओळखायला एक क्षण चुकलो. खांदे रुंद झालेत. उजवा हात तू जरा पोटाशी धरून चालतोस.

न्यायाधीशबाईंनी विचारलं की हजर राहायची सूचना मिळूनही का आला नाहीस. तू उत्तर द्यायच्या आधी मी उभा राहिलो. मला बोलायचं होतं. हातात पाकिटाची झेरॉक्स होती. पट्टेवाला माझ्याकडे यायला लागला, आणि तू वळलास. सात वर्षांनी माझ्याकडे बघितलंस.

'बाबा, बस.'

बाईंनी विचारलं, हे कोण? तू म्हणालास, 'माय फादर, युअर ऑनर. ही इज ओके.'

मी बसलो. मग तू इंग्रजीत जे बोललास ते मी घरी आल्यावर लिहून काढलं, विसरू नये म्हणून. तू म्हणालास: 'अर्ज गेला की नाही याची चौकशी मी स्वतः एका फोनवर करू शकलो असतो. केली नाही, कारण उत्तर नको होतं. मला बॉल टाकायचा होता. तो मी टाकला, हात चालला तोवर. ज्यांनी त्या वर्षी दोन वर्षं दिली त्यांच्यापुढे माझ्याकडे सबब नाही. मी इथे वाढलो. मला घरी यायचं आहे.'

सहा आठवडे. मग बाहेर आलास की थेट कॅम्प, दोन वर्षं. पंचवीस वर्षांचा रिक्रूट, अठरा वर्षांच्या पोरांत.

तू मला माफ केलंस असं मी समजत नाही. तू मला वाचवलंस, ते वेगळं. खरं सांगू का, मला थोडा रागच आला. निदान तेवढं तरी माझ्या नावावर जमा होऊ द्यायचंस. मग बाहेर पायरीवर क्षिप्रा म्हणाली, 'त्याला पहिल्यांदाच स्वतःचं काहीतरी स्वतः सांगायचं होतं, बाबा.' 

आई माझ्याबरोबर गाडीत बसली. बुकित बातोकला मी उतरलो, ती पुढे सेम्बावांगला गेली. दार लागता लागता म्हणाली, 'नीट जेवा.'

भेटीचा पहिला दिवस शनिवारी आहे. यादीत आईचं आणि क्षिप्राचं नाव आहे. मी त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत येईन आणि बाहेर बसून राहीन. बाहेर बाक आहे, पाहून आलोय. आत बोलव म्हणत नाही. पुढच्या भेटीला बसेन, त्याच्या पुढच्याही. कॅम्पला गेलास की तिथल्या फाटकापाशी. तुझं काही असेल तर आईजवळ सांग.

बाबा